दहा नंबरचा प्लग

मी याद्या करणारा माणूस आहे. बाजार, प्रवास, दुरुस्तीला टाकायच्या वस्तू, ज्यांना उत्तर लिहायचं राहिलं आहे ती पत्रं, सगळ्याची यादी असते. काम झालं की त्यावर एक आडवी रेघ. बायको म्हणते, तुम्ही देवापुढे उभे राहिलात तरी मागण्यांना क्रमांक घालत असाल. घालतो.

या सवयीने मला नोकरी दिली, बढती दिली, चार माणसांत मान दिला. एकदा मात्र मी तिचा वाईट उपयोग केला. लिहून मन हलकं होईल अशी आशा नाही. पण जे घडलं ते क्रमाने मांडलं, तर माझी चूक कुठे संपली आणि लबाडी कुठे सुरू झाली ते मलाही नीट दिसेल.

वडील रेल्वेच्या कचेरीत नागपूरहून बदलून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. मी भवानीपूरला वाढलो. घरात मराठी, जिन्यावर बंगाली, शाळेत इंग्रजी. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा लोअर सर्क्युलर रोडजवळच्या एका मोटार कारखान्यात मला भांडार सांभाळायचं काम मिळालं. कारखाना एका इंग्रजाचा होता. विलायतेला परत जाताना तो एका बंगाली गृहस्थांना विकून गेला. हे मालक सभ्य, सदा पान खाणारे. मोटारींतलं त्यांना बेताचं कळे, कागदपत्रांतलं चांगलं.

मी गेलो तेव्हा भांडारात बेअरिंगच्या खोक्यात गॅस्केटं आणि गॅस्केटांच्या फळीवर कुणाची तरी छत्री होती. सहा महिन्यांत मी प्रत्येक खणाला क्रमांक दिला आणि प्रत्येक वस्तूची यादी केली. फाइलला दोरी लावून पानं ओवली. नियम एकच ठेवला होता: पान फाडायचं नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, खाली तारीख आणि आद्याक्षरं. मालकांनी एकदा एका गिऱ्हाइकाला मुद्दाम माझं भांडार दाखवायला आणलं. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाटलं, आज आणखी कोणी येईल.

मोठे मिस्त्री पन्नाशी उलटलेले होते. बारीक अंग, खाकी सदरा, खाली खोचलेलं धोतर. ढाक्याला त्यांचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान होतं. फाळणीत ते सोडून सियालदह स्टेशनात उतरले आणि तिथूनच अर्ध्या मैलावर एका खोलीत बिऱ्हाड केलं. इंजिन उघडायचा मान कारखान्यात त्यांचा. झाकणावर कान ठेवून ते कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगत. बंगाली लिहिता-वाचता येई, इंग्रजी आकडे ओळखत. इंग्रजी अक्षरं मात्र नाहीत.

भांडारातून काहीही न्यायचं तर मागणीची चिठ्ठी लागे. चिठ्ठी मी इंग्रजीत लिहायचो, सही नेणाऱ्याची. मिस्त्री काउंटरवर आले की म्हणत, "पोडे दिन, बाबू." वाचून दाखवा. मी चिठ्ठी वाचायचो, यादीतली ओळ दाखवायचो. ते त्या ओळीवर अंगठा ठेवून शेवटपर्यंत ऐकत आणि मग बंगालीत सही करत. त्यामुळे माझ्या स्वच्छ यादीच्या पानापानावर त्यांचा काळा अंगठा उमटलेला असे.

"मिस्त्रीमशाय, हात पुसून येत जा हो," मी म्हणायचो.

"पुसलेत, स्टोरबाबू. हे वरचं नाही. आतून येतं."

आता प्लगविषयी. स्पार्क प्लग गरम असतात आणि थंड असतात. हाताला लागणाऱ्या गरम-थंडाचा इथे संबंध नाही. इंजिनात शिरलेल्या टोकाशी चिनी मातीचं एक नाक असतं. ते आखूड असलं की जाळाची उष्णता झटकन धातूत आणि तिथून बाहेर निघून जाते. तो थंड प्लग. नाक लांब असलं की उष्णता टोकाशीच रेंगाळते, तो गरम. साध्या गाडीला थोडा गरम प्लग चालतो, उलट काजळी जळून टोक स्वच्छ राहतं. पण इंजिनात दाबून हवा भरणारं यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, बसवलेलं असेल तर आतला जाळ भयंकर वाढतो. तिथे गरम प्लग घातला तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. मग पिस्टन वितळतो. हे सगळं मला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. सुपरचार्जरला ते 'हापर' म्हणायचे. हापर म्हणजे लोहाराचा भाता.

त्या काळात विलायती माल मिळेनासा झाला होता. आमच्याकडचे विलायती प्लग संपत आले. मालकांनी युद्धात अमेरिकन फौजेने मागे टाकलेल्या मालातून प्लगांची एक मोठी पेटी घेतली. मी ती उघडली, झाकण स्वच्छ पुसलं, आणि चांगली फळी वाया कशाला घालवायची म्हणून काउंटरमागच्या लाकडी घोडीवर आतली बाजू खाली करून टाकून त्यावर माझ्या फायली ठेवल्या. मग विलायती आणि अमेरिकन प्लगांची एकत्र यादी केली. कुठल्या विलायती नंबराऐवजी कुठला अमेरिकन द्यायचा, हे एका नजरेत कळावं म्हणून. विलायती प्लगात आकडा चढेल तसा प्लग थंड होत जातो. मी अमेरिकन आकडेही तसेच चढते लावले. सहा, आठ, दहा. वर लिहिलं 'गरम', खाली लिहिलं 'थंड', मध्ये एक सुंदर बाण काढला. पट्टीने काढला होता.

अमेरिकन आकडे उलटे चालतात. त्यांच्यात आकडा चढला की प्लग गरम. मी कुणाला विचारलं नाही. यादी इतकी नीट दिसत होती की विचारायचं सुचलंच नाही.

त्याच सुमारास फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेले एक मराठी मेजरसाहेब आमच्याकडे गाडी घेऊन आले. युद्धापूर्वीची विलायती दोन माणसांची उघडी गाडी, हिरवी, चार सिलिंडरची, पुढे बंपरच्या मागेच सुपरचार्जर बसवलेला. बराकपूरच्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या शर्यती होत, त्यांत त्यांना ती पळवायची होती. माझं आडनाव ऐकल्याबरोबर त्यांनी मराठीत विचारलं, "अहो, तुम्ही इथे कुठे? मला वाटलं या शहरात मराठी बोलायला मला आरसाच पुरणार."

पुढच्या रविवारी आम्हा उभयतांना त्यांच्याकडे चहाला बोलावणं आलं. फोर्टच्या आत मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. त्यांच्या पत्नीने बायकोला साबुदाण्याची खिचडी करून खायला घातली. परत येताना ट्राममध्ये बायको म्हणाली, "मेजरसाहेब तुमची फार स्तुती करत होते. म्हणे, कारखान्यात शुद्ध काम करणारा एकच माणूस आहे." मी खिडकीबाहेर बघत राहिलो, पण ते वाक्य मी घरी पोचेपर्यंत मनात तीन-चारदा वाचलं.

मेजरसाहेबांनी सुपरचार्जरची पुली लहान करून घेतली. पुली लहान म्हणजे भाता जास्त जोरात फिरणार, दाब वाढणार. मिस्त्री म्हणाले, आता आहेत त्याहून दोन पायऱ्या थंड प्लग हवेत. तेवढे थंड विलायती प्लग शिल्लक नव्हते. मी यादी उघडली, बोट बाणावरून खाली आणलं आणि दहा नंबरचे चार अमेरिकन प्लग काउंटरवर ठेवले.

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचून घेतली, ओळीवर अंगठा ठेवला आणि विचारलं, "ठांडा तो?"

"ठांडा," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. मग एक प्लग उचलून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून आत पाहिलं. "बाबू, याचं नाक लांब दिसतंय."

"अमेरिकन घडणच तशी असते."

"थंड प्लगचं नाक लांब?"

"मिस्त्रीमशाय, यादी आहे ना समोर."

मेजरसाहेब काउंटरला टेकून उभे होते. त्यांना बंगाली येत नव्हतं. "काय म्हणतोय तो?" त्यांनी मराठीत विचारलं.

"नाक लांब आहे म्हणतो," मी म्हणालो.

"कोणाचं? माझं?"

आम्ही दोघं हसलो. मिस्त्रीही हसले. साहेब हसताहेत म्हणजे काहीतरी चांगलं चाललं असेल, एवढंच त्यांना कळलं असणार. मग मिस्त्री मला म्हणाले, रविवारच्या शर्यतीआधी एकदा पहाटे रेड रोडवर गाडी पूर्ण वेगाने न्यावी, वेगातच इंजिन बंद करावं आणि तिथल्या तिथे प्लग काढून त्यांचा रंग बघावा. बिस्किटासारखा रंग आला तर ठीक. पांढरा पडला तर प्लग गरम आहे. साहेबांना एवढं सांगा, बाबू.

मी साहेबांना सांगितलं, "मिस्त्री जुन्या वळणाचे आहेत. दिलेली प्रत्येक वस्तू पुन्हा उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

"आमचा सुभेदार अगदी असाच आहे," मेजरसाहेब म्हणाले. "वेळ कुठे आहे आता. तुम्ही दिलेत ना? झालं तर."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे नको म्हणताहेत. ते प्लग घेऊन गेले.

रविवारी सकाळी आम्ही बराकपूरला होतो. मी सामानाची यादी केली होती आणि सगळं सामान बरोबर होतं: पाण्याचा डबा, चिंध्या, प्लगचा पाना, प्लगांचे दोन संच. असलं इंजिन थंड असताना शर्यतीचे प्लग घालून सुरू करत नाहीत. आधी नेहमीच्या प्लगांवर ते तापवायचं, मग धावेच्या तोंडाशी ते काढून खरे प्लग चढवायचे. मिस्त्रींनी ओल्या चिंधीत बोटं गुंडाळून चारही प्लग बदलले. हात पोळत होते, पण पहिले आटे ते बोटांनीच बसवत. पान्याने धातूचं मन कळत नाही, म्हणायचे.

गाडी सुटली. पहिलं अंतर तिने असं कापलं की लोक दोरीपाशी पुढे सरकले. मेजरसाहेबांच्या पत्नी उभ्या राहिल्या. पट्टीच्या मध्याच्या थोडं पुढे आवाज बदलला. डब्यात खडे घालून हलवावे तसा. मिस्त्री माझ्या शेजारी होते. ते एवढंच म्हणाले, "गेलं." मग धूर दिसला.

गाडी ढकलत आणली. मिस्त्रींनी प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग त्यांनी उजेडात धरला आणि मग माझ्यासमोर आणला. नाक हाडासारखं पांढरं, तारेचं टोक वितळून बोथट, आणि पांढऱ्यावर चकाकणारे बारीक मणी. वितळलेल्या पिस्टनचे. मी म्हणालो, "चिंध्या आणखी हव्यात का?"

सोमवारी इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यात चवलीच्या नाण्याएवढं भोक होतं. मिस्त्रींनी मालकांना सांगितलं, प्लग गरम होते. मालक म्हणाले, उद्या साहेब येतील, तेव्हा चिठ्ठी आणि यादी दोन्ही घेऊन माझ्या खोलीत या.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. फाइल काढायला मी गेलो तेव्हा गठ्ठा जड म्हणून फळीच एका बाजूने उचलून कलती केली. पेटीचं ते पालथं झाकण. त्याच्या आतल्या बाजूला एक छापील तक्ता चिकटवलेला होता. आकडे, आणि आकड्यांशेजारी एक बाण. मोठ्या आकड्याकडे 'गरम', लहान आकड्याकडे 'थंड'. इतके दिवस मी त्यावरच फायली ठेवत होतो.

इथपर्यंत ती चूक होती. भांडारात काम करणाऱ्या कुणाच्याही हातून झाली असती असं मी म्हणू शकतो, आणि मिस्त्रींनी प्लगच्या नाकाविषयी विचारलं होतं त्याचं काय, एवढा एकच डाग त्यावर राहतो.

पुढचं मी शांतपणे केलं. मी यादीचं ते पान दोरीतून काढलं. कोरं पान घेतलं, पट्टी घेतली, आणि अमेरिकन आकडे उलटे लावून नवी यादी लिहिली. बरोबर यादी. दहा नंबर वर गेला, 'गरम' या शब्दाखाली. रेघ नाही, तारीख नाही, आद्याक्षरं नाहीत. मनाशी म्हटलं, चूक सापडली की दुरुस्त करायची, एवढंच तर करतो आहे. जुनं पान जळक्या तेलाच्या पिंपात टाकलं. कागद लगेच बुडत नाही. माझे आकडे वर करून तो बराच वेळ तरंगत राहिला. पान्याने खाली दाबला.

हे काय करतो आहे ते मला पूर्ण कळत होतं. यादी बरोबर झाली, पण चिठ्ठी तीच होती: दहा नंबर, नग चार, खाली मिस्त्रींची सही. आता कुणीही पाहिलं तर यादीत दहा नंबर गरम म्हणून स्पष्ट लिहिलेला, आणि तरी मिस्त्रींनी दहा नंबरच मागितलेला.

मंगळवारी मालकांच्या खोलीत आम्ही चौघे होतो. मेजरसाहेब गणवेशात होते. रागावलेले नव्हते, एखाद्याचं आवडतं जनावर आजारी पडावं तसा चेहरा होता. मालकांनी चिठ्ठी पाहिली, यादी पाहिली. "स्टोरबाबू, प्लग कुठले दिलेत?"

"यादीप्रमाणे," मी म्हणालो.

मालकांनी फाइल मिस्त्रींपुढे सरकवली. "दहा नंबर इथे गरम लिहिलाय, मिस्त्री. मग तुम्ही दहा नंबर का मागितलात?"

मिस्त्रींनी वाकून पान पाहिलं. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. पण पान येत होतं. त्या पानावर डाव्या बाजूला त्यांचा अंगठा असायला हवा होता. पान कोरं करकरीत होतं. त्यांनी ते पाहिलं, मागचं पान उलटून पाहिलं, तिथला आपला काळा डाग पाहिला आणि परत या पानावर आले.

"कुठली ओळ, बाबू?" त्यांनी मला विचारलं.

मी ओळ दाखवली. दाखवावीच लागली. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला, नेहमी ठेवत तेवढाच वेळ.

"आणि ही सही?" मालकांनी विचारलं.

"सही आमार," मिस्त्री म्हणाले. सही माझी.

बस, एवढंच. मेजरसाहेबांना काहीतरी आठवलं. ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अहो, तो त्या दिवशी नाकाचं काहीतरी म्हणत होता ना? ते काय होतं?"

खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. शब्द कळले नसतील, पण साहेबांनी आपल्या नाकाला बोट लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. माझ्याइतकी चांगली संधी क्वचित कुणाला मिळत असेल.

"विशेष काही नाही, मेजरसाहेब," मी म्हणालो.

मालक मिस्त्रींना वाईट बोलले नाहीत. वय झालं, म्हणाले. नजर, कान, सगळ्यांचंच होतं. आता काही दिवस ग्रीसच्या खड्ड्यावर बसा, इंजिनं दुसरे बघतील. खड्ड्यावर बसणं म्हणजे गाड्यांच्या खाली उतरून तेल बदलणं आणि ग्रीस भरणं. ढाक्याला ज्यांचं स्वतःचं दुकान होतं, त्यांना. "आच्छा," मिस्त्री म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी खिशातल्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी केली. पहिलं काम लिहिलं: मालकांशी बोलणे.

दिलेल्या चार प्लगांपैकी तीन परत आले होते. चौथा मी 'गहाळ' लिहिला. तो कोणाकडे आहे हे विचारलं नाही.

मिस्त्री भांडारात येतच होते. ग्रीस, चिंध्या, ग्रीस भरायची निपलं असं काहीबाही लागे. पहिल्या वेळी मी चिठ्ठी लिहिली आणि वाचून दाखवायला तोंड उघडलं. त्यांनी नम्रपणे चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, अंगण ओलांडून टायपिंग करणाऱ्या बाबूंच्या खिडकीशी गेले, त्यांच्याकडून ती वाचून घेतली, मग परत येऊन माझ्यासमोर सही केली. पुढे रोज तेच. पाऊण शेर ग्रीससाठी उन्हातून जायचं आणि यायचं. टायपिंगबाबू एकदा ओरडले, "अरे मिस्त्री, स्टोरबाबूंना वाचता येत नाही का?"

"येतं," मिस्त्री म्हणाले. "त्यांचं वाचन फार चांगलं आहे."

टायपिंगबाबूंना हे कौतुक वाटलं. मी काउंटरवर डोकं खाली घालून खिळे मोजत बसलो. मोजलेलेच होते.

फोर्टमधून पुन्हा दोनदा चहाचं बोलावणं आलं. बायकोला जायचं होतं. पहिल्यांदा मी डोकेदुखी सांगितली, दुसऱ्यांदा काम. तिने विचारलं, "एवढी चांगली माणसं, आणि तुम्ही टाळता का?" मी म्हणालो, मोठ्या लोकांशी फार जवळीक बरी नव्हे. वर्षाच्या आत साहेबांची बदली झाली. गाडीही गेली.

'मालकांशी बोलणे' आठवडाभर यादीत पहिलं होतं. मग तिसरं झालं. मग रोज पान उलटताना मी ते सर्वांत खाली उतरवून घेऊ लागलो, वडील पंचांग उतरवून घ्यायचे तसं, न वाचता.

साधारण दीड वर्षाने मिस्त्रींनी काम सोडलं. एका बसवाल्याच्या आवारात त्यांना इंजिनांचं काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी ते औजारं परत करायला आले. बेचाळीस नग. मी एकेक नाव घ्यायचो, ते एकेक औजार काउंटरवर ठेवायचे. सगळी पुसलेली, एकाही पान्याचा जबडा झिजवलेला नाही. बेचाळीस झाल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची घडी काढली, उलगडली आणि ठेवली. पांढऱ्या नाकाचा प्लग. वितळलेले मणी तसेच.

"हाही भांडारातलाच," ते म्हणाले. "परत करायचा राहिला होता."

मी पावती लिहिली आणि म्हणालो, "टायपिंगबाबूंकडून वाचून आणा."

"आज तुम्हीच वाचा."

मी वाचली. वाचून संपली तरी थांबलो नाही. त्याच आवाजात म्हणालो की दहा नंबर गरम होता, माझी यादी उलटी होती, मंगळवारच्या आधी मी पान बदललं. एका दमात सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी क्रमाशिवाय बोललो असेन.

मिस्त्री ऐकत होते. ओळीवर अंगठा ठेवून, पूर्वीसारखे.

"मला कसं माहीत नसेल, बाबू?" ते म्हणाले. "प्लग मला वाचता येतो. रविवारीच वाचला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सही माझी होती. कागदाशी भांडून काही होत नाही, ते ढाक्याहून येताना शिकलो. घराचे सगळे कागद होते माझ्याकडे." त्यांनी पावतीवर सही केली. मग म्हणाले, "पण तुम्ही हे मला कशाला सांगता? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही ते त्या खोलीत बसलेत."

त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतात तसं त्यांनी हनुवटीने मालकांच्या दाराकडे दाखवलं. मग घाम पुसून, सदऱ्याची बटणं लावून फाटकाबाहेर पडले. सियालदहकडे जाणारी ट्राम उभीच होती.

मी लगेच निघालो. प्लग हातात घेतला. अंगण ओलांडलं, तेच अंगण, जे ते दीड वर्ष ओलांडत होते. मालकांच्या दाराशी उभा राहिलो. मालक पान लावत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "मिस्त्री गेले? औजारं सगळी आली?"

"आली," मी म्हणालो. "यादीप्रमाणे."

"बरं," मालक म्हणाले.

मी परत भांडारात आलो. प्लग समोर ठेवला, रजिस्टर उघडलं, 'गहाळ' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'परत आला'. खाली तारीख घातली, आद्याक्षरं घातली. सगळं नियमाप्रमाणे.

मालक पुढे वारले. कारखाना दुसऱ्यांनी घेतला. माझ्या खिशातल्या वह्या बदलत गेल्या. 'मालकांशी बोलणे' मी त्यांच्या मृत्यूनंतरही दोन-तीन आठवडे सवयीने उतरवत होतो. मग एके दिवशी लक्षात आलं आणि लिहायचं थांबवलं. त्यावर रेघ मारलेली नाही. मारायचा हक्क नव्हता.